बूथवरचे एजंट: आवरायचे की बसवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही माध्यमिक शाळेत शिक्षक आहात. आजवर मतदान अधिकारी क्रमांक एक म्हणून काम केलंय आणि आता पहिल्यांदा केंद्राध्यक्ष होणार आहात. मागच्या वेळी लहान खोली, बाराशेच्या वर मतदार आणि उमेदवारांचे सहा-सात एजंट होते, त्यांच्या वादात रांग तासभर खोळंबली. पुढे मतमोजणीलाही टेबलावर नेमणूक होईल अशी चिन्हं आहेत. तेव्हा ‘एजंटांना कंट्रोल कसं करायचं?’ असं तुम्ही विचारलंय.

मी केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं, नंतर प्रशिक्षण देत राहिलो आणि मोजणीच्या टेबलावरही बसलो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण ‘कंट्रोल’ची नाही. एजंट तिथे बघायला आलेला असतो, ते त्याचं कामच आहे. त्याला बसल्या जागेवरून दिसलं नाही की तो उभा राहतो. एक उभा राहिला की शेजारचा उठतो. चार जण उठले की दरवाजा अडतो आणि रांग थांबते. तुम्ही ज्याला वाद म्हणताय, त्यातला बराचसा भाग इथून सुरू झालेला असतो. म्हणून माझं सगळं काम एकाच गोष्टीभोवती फिरतं: एजंटाने मागायच्या आधी त्याला दाखवायचं, आणि दाखवलेलं लगेच कागदावर घ्यायचं. मुद्दाम गोंधळ घालायला आलेले वेगळे. त्यांच्यासाठी कायदा आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. मी लिहितोय ते विधानसभा आणि लोकसभा निवडणुकीबद्दल. जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले नमुने, यंत्रं आणि एका मतदाराने द्यायची मतं हे सगळं वेगळं असतं, त्यामुळे तिथली पुस्तिका वेगळी वाचा. दुसरं म्हणजे मुंबईतल्या सोसायटीच्या हॉलमधला बूथ आणि मेळघाटातल्या वस्तीशाळेतला बूथ यांना एकच नियम लागतो, पण वागणं एकच ठेवून चालत नाही. आणि माझं म्हणणं आणि तुमच्या प्रशिक्षणात मिळालेलं ताजं परिपत्रक यांत फरक पडला, तर परिपत्रकच खरं.

आदल्या संध्याकाळचं काम

साहित्य घेऊन शाळेत पोचलात की बहुतेक जण आधी झोपायची जागा बघतात. तुम्ही आधी बाकं बघा. मतदान कक्ष, म्हणजे मतदार बटण दाबतो तो आडोसा, खिडकीसमोर येणार नाही असा ठेवा. एजंटांची बाकं मतदान अधिकाऱ्यांच्या मागे अशी लावा की आत येणाऱ्या मतदाराचा चेहरा त्यांना दिसेल, पण यंत्राकडे गेलेलं त्याचं बोट दिसणार नाही. खोली फारच अरुंद असेल तर समोरच्या भिंतीकडे लावा. निकष तोच: चेहरा दिसावा, बोट दिसू नये.

बसायचा क्रम ठरलेला आहे. पहिले मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्ष, मग राज्य पक्ष, मग इतर राज्यांत मान्यता असलेले आणि इथे राखीव चिन्ह वापरायची परवानगी मिळालेले पक्ष, त्यानंतर नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्ष, शेवटी अपक्ष. मी हा क्रम चिठ्ठ्यांवर लिहून रात्रीच बाकांना चिकटवतो. सकाळी साडेपाचला ‘मी पुढे बसणार’ हा वाद तोंडी सोडवायला गेलात तर दहा मिनिटं जातात. चिठ्ठी आधीच लावलेली असली की माणूस आपलं नाव शोधतो आणि बसतो. ही युक्ती फुकटची आहे आणि फारच थोडे लोक वापरतात.

नेमणुकीचा नमुना १० आणि उमेदवारांच्या नमुना स्वाक्षऱ्यांचा कागद हाताशी ठेवा. सही जुळवा, तुमच्यासमोर घोषणेवर एजंटाची सही घ्या, मतदार ओळखपत्र बघा. एजंट त्याच किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असावा. तसा कोणी मिळत नसेल तर त्याच विधानसभा मतदारसंघातला चालतो. या सवलतीची कल्पना नसल्यामुळे काही केंद्राध्यक्ष योग्य माणसालाही परत पाठवतात आणि दिवसाची सुरुवातच भांडणाने होते. सरकारी नोकर एजंट होऊ शकत नाही, त्याच्यासाठी तो गुन्हा आहे. मंत्री, खासदार, आमदारही चालत नाहीत. सरपंच बसला तर मात्र त्याला उठवायचं कारण नाही.

एका उमेदवाराचा एक एजंट आणि दोन बदली एजंट असू शकतात, पण आत एका वेळी एकच. कोण कधी आत आला, कधी गेला हे हालचाल तक्त्यावर सहीनिशी लिहा. दुपारी ‘आमचा माणूस नव्हता तेव्हा तुम्ही काहीतरी केलंत’ असा आरोप होतो, तेव्हा हा तक्ता फार उपयोगी पडतो.

साडेपाच ते सात

मतदान सातला असेल तर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला. एजंट आले नसतील तर पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग सुरू करायचं. किमान ५० मतं द्यायची, प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’लाही. बटणं एजंटांनाच दाबायला सांगा. मोजणीसुद्धा त्यांच्यातल्याच एखाद्याला मोठ्याने करायला लावा. कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या त्यांच्याच हातून जुळल्या की दिवसभर यंत्रावर शंका घेणारा आवाज आपोआप खाली येतो.

त्यानंतरची पायरी घाईत कधीच करू नका. ‘क्लिअर’ करून सगळीकडे शून्य आलेलं प्रत्येकाला दाखवा. व्हीव्हीपॅटचा खालचा कप्पा उघडून रिकामा झाल्याचं दाखवा. चाचणीच्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात आणि मग डब्यात सील करा. हिरव्या कागदी सीलवर ज्यांना सही करायची असेल त्यांना करू द्या आणि सीलचे क्रमांक सावकाश वाचून लिहून घ्यायला सांगा. मोजणीच्या दिवशी हेच क्रमांक त्यांच्या उमेदवाराच्या मतमोजणी प्रतिनिधीच्या हातात असतील. क्लिअर करायचं राहून गेलेलं यंत्र मोजणीत बाजूला काढावं लागतं. त्यावरून हॉलमध्ये काय गदारोळ होतो ते ज्याने पाहिलंय तो ही पाच मिनिटं वाचवायला जात नाही.

खरी पंचाईत उशिरा येणाऱ्या एजंटाची असते. सव्वासातला येऊन ‘आम्हाला परत दाखवा’ म्हणतो. पुन्हा अभिरूप मतदान होत नाही. त्याला अभिरूप मतदानाचं प्रमाणपत्र दाखवा, कोणकोणत्या एजंटांच्या सह्या आहेत ते दाखवा, सीलचे क्रमांक उतरवून घ्या म्हणावं. प्रतिस्पर्ध्याची सही दिसली की निम्म्याहून जास्त लोक गप्प बसतात. प्रतिस्पर्धी आपल्यासाठीही पहारा देतोय हे त्यांना चांगलं कळतं.

दिवसभर

पहिल्या मतदान अधिकाऱ्याने मतदाराचं नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचायचा असतो. तुम्ही ते काम केलंय, त्यामुळे दुपारनंतर तो आवाज कसा बसतो हे तुम्हाला माहीत आहे. आवाज बसला की एजंट पुढे झुकतात, टेबलावर वाकतात, यादीत डोकावतात. म्हणून दर दीड-दोन तासांनी वाचणारा माणूस बदला किंवा त्याला पाणी द्या. हसू नका, माझ्या मते केंद्रावरची शांतता सगळ्यात जास्त टिकते ती या एका माणसाच्या घशावर.

दर दोन तासांनी तुम्हाला आकडेवारी वर कळवावी लागते. नऊ, अकरा, एक, तीन, पाच. तो आकडा फोनवर कळवायच्या आधी एजंटांना सांगा. दोन मतदारांच्या मधल्या वेळेत ‘टोटल’चं बटण दाबून कंट्रोल युनिटवरचा आकडा दाखवा, मतदारांच्या १७-ए नोंदवहीतला शेवटचा क्रमांक दाखवा आणि दोन्ही जुळतात का बघा. एजंट आपापल्या यादीवर खुणा करत असतातच, त्यांचा हिशेब दोन-चारने चुकलेला असतो. सकाळी नऊलाच फरक दिसला तर तो पाच मिनिटांत सुटतो. तोच संध्याकाळी सहाला दिसला तर ‘चोरी’ ठरतो.

मोबाईल आत नको, यादी घेऊन बाहेर जाणं नको. कोणी मतदान केलं आणि कोण राहिलं याच्या चिठ्ठ्या बाहेर पाठवणंही चालत नाही. ही शेवटची सवय गावोगावी आहे, चहा घेऊन येणाऱ्या पोराच्या हातात चिठ्ठी जाते. त्यावर उपाय सोपा आहे: चहा आत येऊच देऊ नका. तुमच्या टीमने कोणत्याही एजंटाच्या घरचे पोहे-चहा घेऊ नयेत हे आलंच. पदराला खार लावून सगळ्यांसाठी सारखा चहा बाहेर ठेवलात तर बरं. आणि ‘भाऊ’, ‘दादा’ म्हणायचं तर सगळ्यांना म्हणा, एकालाच नको.

आता नेहमीच्या वादांकडे. ओळखीवर आक्षेप आला तर ‘बघू, बघू’ करत बसू नका. आक्षेप घेणाऱ्याकडून दोन रुपये घ्या, पावती फाडा, लगेच चौकशी करा, आक्षेपित मतांच्या यादीत, म्हणजे नमुना १४ मध्ये नोंद करा. दोन रुपयांची गंमत अशी की उगाच आक्षेप घेणारा पावती बघून मागे सरतो आणि ज्याला खरोखर शंका आहे तो पैसे काढतो. कोणाच्या नावावर आधीच मत पडलेलं असेल आणि खरा मतदार समोर उभा असेल, तर त्याला प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे वेगळी कागदी मतपत्रिका, द्यायची. त्याला यंत्रावर मत देता येत नाही. हे त्याला हळू आवाजात समजावा, एजंटांच्या समोर नको.

बुरख्यातल्या किंवा पदर घेतलेल्या बाईंची ओळख पटवायची असेल तर ते काम महिला मतदान अधिकाऱ्याने आडोशाला करायचं. एजंटाने त्यासाठी आवाज करायचा नाही, आणि असा आवाज पहिल्यांदा झाला तेव्हाच थांबवायचा. दुसऱ्या वेळेपर्यंत थांबलात तर बाहेर रांगेत गोष्ट पसरलेली असते.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती सोबत्यावरून. ‘आजीला दिसत नाही, मी बटण दाबतो’ असं म्हणत गावातला कार्यकर्ता आत येतो. मतदार अंध असेल किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे चिन्ह ओळखता येत नसेल, बटण दाबता येत नसेल, तरच सोबती. नुसतं अक्षरओळख नाही म्हणून सोबती मिळत नाही. चिन्ह तर ओळखता येतंच. सोबती अठरा वर्षांवरचा हवा, त्याने घोषणा लिहून द्यायची, आणि त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. सोबत्यांच्या यादीत, म्हणजे नमुना १४-ए मध्ये नाव चढलं की तोच माणूस दुसऱ्यांदा आला तर एजंटच त्याला पकडून देतात. तुमच्या टीममधल्या कोणीही सोबती व्हायचं नाही, कितीही दया आली तरी.

एखादा मतदार म्हणाला की व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर भलतंच चिन्ह आलं, तर नियम ४९-एमए लागू होतो. खोटं निघालं तर शिक्षा होऊ शकते हे सांगून लेखी घोषणा घ्या आणि एजंटांसमोर चाचणी मत द्यायला लावा. ते मत नोंदवहीत आणि १७-सी मध्ये, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यात, वेगळं दाखवायचं असतं. हे क्वचित घडतं, पण घडलं की सगळं केंद्र तुमच्या तोंडाकडे बघतं. म्हणून ते पान आदल्या रात्री वाचून ठेवा.

खरोखर त्रास देणारे

कधीकधी नाममात्र अपक्षाचा एजंट दुसऱ्याच पक्षासाठी बसलेला असतो. तो आत दुसरा आवाज म्हणून वापरला जातो. त्याच्यावर आरोप करू नका, फक्त त्याला नियम तंतोतंत लावा: जागा सोडायची नाही, बोलायचं असेल तर तुमच्याशी, इतर एजंटांशी नाही. तरीही कोणी शिव्या देत असेल, कक्षाकडे जात असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३२ नुसार त्याला केंद्राबाहेर काढायचा अधिकार तुम्हाला आहे. माझी पद्धत अशी: पहिल्यांदा नाव घेऊन शांतपणे सांगायचं, दुसऱ्यांदा केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत वेळ टाकून त्याच्यासमोर लिहायचं, तिसऱ्यांदा पोलीस. लिहिताना तो बघतो, तेव्हाच बहुतेक वेळा थांबतो. बाहेर काढलाच तर त्याच्या बदली एजंटला लगेच आत बोलवा आणि तेही लिहा. उमेदवाराची नजर आत राहिलीच पाहिजे.

मतदान थांबवायची वेळ आली तर मात्र एकटे निर्णय घेत बसू नका, क्षेत्रीय अधिकाऱ्याला फोन लावा.

सहा वाजता

मतदानाची वेळ संपली की रांगेच्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे यायचं. पुढून मागे जायला गेलात तर तुम्ही चिठ्ठ्या वाटत असताना मागे रांग वाढत राहते. चिठ्ठ्यांवर क्रमांक आणि तुमची सही. किती वाटल्या तो आकडा आत येऊन एजंटांना सांगा.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याचं कारण २० नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या त्या मतदानात राज्याचा पाच वाजेपर्यंतचा ५८.२२ टक्के हा आकडा अखेरीस ६६.०५ टक्क्यांवर गेला आणि ‘मधली मतं कुठून आली’ यावर पुढे कितीतरी महिने वाद चालला. त्या वादात मी शिरत नाही. पाचचा आकडा फोनवर सांगितलेला अंदाज असतो, शेवटचा आकडा १७-सी चा असतो. तुमच्या केंद्रापुरतं तरी पाचला किती, रांगेत किती, शेवटी किती हे तिन्ही आकडे एजंटांच्या वहीत असले, तर उद्या कोणी विचारलं तर उत्तर गावातच सापडतं.

‘क्लोज’ दाबल्यावर १७-सी भरा आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला साक्षांकित प्रत द्या. तो मागत नसला तरी द्यायची, नियम ४९-एस तसं सांगतो. यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक दुपारीच भरून ठेवा, शेवटी फक्त मतांचे आकडे राहू द्या. अडचण अशी की साडेपाचनंतर अर्धे एजंट पक्षाच्या कचेरीकडे निघालेले असतात. पाचलाच त्यांना बजावा: ‘प्रत घेतल्याशिवाय जाऊ नका, तुमचाच उमेदवार उद्या विचारेल.’ जो गेला त्याच्या नावापुढे गेल्याची वेळ लिहा. पेट्यांवर त्यांना आपलं सील लावायचं असेल तर लावू द्या. यंत्रं घेऊन जाणाऱ्या गाडीमागे स्वतःच्या गाडीने यायचं असेल तर येऊ द्या.

मोजणीचा हॉल

इथे चित्र वेगळं असतं. एका हॉलमध्ये साधारण १४ टेबलं. उमेदवार पंधरा असतील आणि सगळ्यांनी प्रतिनिधी दिले तर दोनशे दहा माणसं जाळीच्या पलीकडे, शिवाय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावरचे वेगळे. नेमणूक नमुना १८ वर, बसायचा क्रम बूथवरचाच. सकाळी आठला टपाली मतं, साडेआठपासून यंत्रं. टपाली मतांच्या टेबलावर घोषणापत्राच्या सहीवरून मत बाद का झालं हे प्रतिनिधींना त्याच क्षणी दाखवा, गठ्ठा बांधल्यावर नको.

टेबलावर पर्यवेक्षक म्हणून तुमचं काम माझ्या मते एका हालचालीत आहे: युनिट जाळीकडे वळवणं. आधी केंद्राचा क्रमांक, युनिटचा क्रमांक, सील, मग १७-सी मधली एकूण मतं आणि यंत्रावरची एकूण मतं. ती जुळली की ‘रिझल्ट’. उमेदवार जास्त असतील तर आकडे पडद्यावरून भराभर सरकतात, लिहायचं राहून जातं आणि मागून ओरडा सुरू होतो. ‘रिझल्ट’ पुन्हा दाबता येतं, त्याने काही बिघडत नाही. ‘कोणाचं राहिलं?’ असं स्वतःहून विचारा. एका टेबलावर अर्धा मिनिट गेलं तरी चालेल. ते अर्धं मिनिट कमी वाटत असेल तर आठवा: ४ जून २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला, दोन्ही उमेदवारांना साडेचार लाखांवर मतं असताना. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी आणि साकोली २०८ मतांनी. अशा मतदारसंघात एका टेबलावरचा एक न लिहिलेला आकडा पुढे किती काळ छळतो याची कल्पना करा.

हल्ली एक प्रश्न हमखास येतो: ‘बॅटरी ९९ टक्के कशी?’ २०२४ च्या हरियाणा निकालानंतर तो सगळीकडे पसरला. ही मोबाईलची बॅटरी नाही. अल्कलाइन पॅकचा व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत यंत्र ९९ दाखवतं आणि त्याखाली गेल्यावर आकडा उतरू लागतो. एवढं सांगा आणि पुढे चला. प्रतिनिधीला लेखी तक्रार द्यायची असेल तर ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, तुमच्या टेबलावर नाही.

यंत्राची आणि १७-सी ची मतं जुळली नाहीत, किंवा डिस्प्ले चालला नाही, तर काहीही समजावत बसू नका. युनिट बाजूला ठेवा, वर कळवा, प्रतिनिधींना त्याची नोंद करू द्या. शेवटी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशापासून. ती केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात. ती सोडत प्रतिनिधींच्या डोळ्यांसमोर व्हावी आणि केंद्रांचे क्रमांक मोठ्याने वाचले जावेत. या वेळेपर्यंत हरणाऱ्यांचे लोक निघून गेलेले असतात. तरी क्रमांक वाचाच, राहिलेले लिहून घेतात.

फेरमोजणी मागायची असेल तर अंतिम आकडे जाहीर झाल्यावर आणि निकाल घोषित व्हायच्या आधी, लेखी, कारणांसह. त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने थोडा वेळ थांबायचं असतं आणि अर्ज फेटाळला तर कारण लिहायचं असतं. तुम्हाला कोणी टेबलावर येऊन ‘परत मोजा’ म्हणालं तर एवढंच सांगा की अर्ज तिकडे द्या.

आणि १७-सी च्या दुसऱ्या भागावर एखाद्याने सही करायला नकार दिला तर विनवण्या करू नका. ‘प्रतिनिधी हजर, सहीस नकार’ असं लिहा, वेळ टाका, बाकीच्यांच्या सह्या घ्या आणि पुढच्या फेरीचं यंत्र मागवा.